मुंबईचं पाणी, प्रदेशाचा हिशेब

१४,४७,३६३ दशलक्ष लिटर. मुंबईच्या पाण्याचा सगळा व्यवहार या आकड्यावर चालतो. मोडकसागर, तानसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी हे सातही तलाव काठोकाठ भरले की त्यांतला उपयुक्त साठा एवढा होतो. महापालिका शहराला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी पुरवते. भागाकार केला तर उत्तर येतं सुमारे ३७० दिवस. म्हणजे भरपूर पाऊस झालेल्या वर्षीही मुंबईच्या हाती वर्षभराचंच पाणी असतं. पगार झाला की महिना निघतो, पण शिल्लक काही पडत नाही, तशी ही स्थिती. पावसाळा संपताना, १ ऑक्टोबरला, साठा पुरेसा नसेल किंवा पुढचा जून कोरडा गेला, तर पाणीकपात ठरलेली. २००९ मध्ये मुंबईने ती मोठ्या प्रमाणावर सोसली. २०२४ च्या जूनमध्येही १० टक्के कपात करावी लागली.

गंमत अशी, की हे सगळं घडतं कोकणात. ज्या पट्ट्यात दरवर्षी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो आणि नद्या चार महिने दुथडी भरून समुद्राला मिळतात, त्याच पट्ट्यात मार्च उजाडला की टँकर धावू लागतात. त्यामुळे आकाशाला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पाण्याची योजना गरजेच्या वीस वर्षं आधी करावी लागते, आणि ती एका शहरापुरती करून भागत नाही. पहिली गोष्ट मुंबई फार पूर्वी शिकली होती. दुसरी अजून कोणीच नीट शिकलेलं नाही.

वीस वर्षांची उसंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक या नावांमधून ती तळी आजही उरली आहेत. १८५४ च्या टंचाईनंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार मिठी नदीवर विहारचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये नळाने पाणी आलं. शहर वाढलं, विहार अपुरा पडला आणि १८७९ मध्ये तुळशी झाला. त्याआधीच, १८७० च्या दशकात, हेक्टर टुलक या अभियंत्याने तानसाकडे बोट दाखवलं होतं. पण शंभर किलोमीटर लांबून पाणी आणायचं म्हटल्यावर निर्णय रेंगाळला. मधल्या टंचाईत घाईघाईने पवईचा तलाव बांधला गेला. त्याचं पाणी पिण्याजोगं नाही म्हणून लवकरच सोडून द्यावं लागलं. तानसाचं पाणी आलं १८९२ मध्ये.

पवई आणि तानसा या दोन तलावांत पाणीनियोजनाचा पहिला धडा आहे. आधी विचार केलेला प्रकल्प सव्वाशे वर्षांनंतरही शहराला पाणी देतो. टंचाईच्या धास्तीने उभा केलेला पाच-दहा वर्षांत निकामी ठरतो.

पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला. नगर अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव त्याला दिलं गेलं. १९७० च्या दशकात ऊर्ध्व वैतरणा आणि १९८० च्या आसपास भातसा आला. आज एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. शहराच्या हद्दीतले विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्केही भरत नाहीत. म्हणजे मुंबईचं साडेसत्त्याण्णव टक्के पाणी शहापूर, वाडा, मोखाडा, इगतपुरी या तालुक्यांतल्या डोंगरांतून येतं.

१९९० च्या दशकात डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०२१ पर्यंतची गरज डोळ्यांपुढे ठेवून मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही धरणं सुचवली. यातलं मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झालं आणि रोजचं ४५५ दशलक्ष लिटर पाणी वाढलं. शिफारस ते नळ, या प्रवासाला वीस वर्षं लागली. टुलकच्या काळातही जवळपास तेवढीच लागली होती. यंत्रं बदलली, सिमेंट बदललं, पण सर्वेक्षण, भूसंपादन, वनखात्याची परवानगी, पुनर्वसन, बोगदे आणि शुद्धीकरण केंद्र ही साखळी काही आखूड झालेली नाही. २०४५ चं पाणी हवं असेल, तर निर्णयाची वेळ आजची आहे.

हिशेब शहराचा, वाढ प्रदेशाची

चितळे समितीपुढे प्रश्न होता मुंबईचा. पण गेल्या तीन दशकांत माणसं राहायला गेली ती मुंबईच्या हद्दीबाहेर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांपर्यंत खाली आली. त्याच दशकात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. ज्या जिल्ह्याने मुंबईसाठी धरणं पोटात घेतली, त्यालाच आता मुंबईएवढं पाणी हवं आहे.

मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय नगरपालिका आणि शेकडो गावं. रस्ते आणि मेट्रो यांचं नियोजन करताना हा सगळा पट्टा एक धरला जातो. पाण्याच्या बाबतीत मात्र प्रत्येकाचं दार वेगळं.

मालकी पाहिली की गुंता लक्षात येतो. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी मुंबई महापालिकेचे. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा राज्याच्या जलसंपदा विभागाचे. बारवी धरण एमआयडीसीचं. ते बांधलं कारखान्यांसाठी, पण आज त्याचं पाणी मोठ्या प्रमाणात घराघरांत जातं. मोरबे नवी मुंबई महापालिकेचं. ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही. ते स्वतःची टेमघरची योजना, ‘स्टेम’ हे शहाड-टेमघर प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी घेतं. डहाणूजवळच्या सूर्या धरणांचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला आणणारी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना एमएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने उभारली.

यातली प्रत्येक संस्था आपापल्या जागी काम करते. पण संपूर्ण प्रदेशाला २०४५ मध्ये किती पाणी लागेल, ते कुठल्या खोऱ्यातून येईल आणि दुष्काळी वर्षी कोणाचा नळ किती आखडायचा, हे बंधनकारकपणे ठरवणारी संस्था यांत एकही नाही. त्यामुळे मोरबे असलेली नवी मुंबई तुलनेने निश्चिंत असते आणि खाडीपलीकडे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर टॉवरच्या टॉवर टँकरवर जगतात. ज्याने आधी धरण मिळवलं त्याची चैन, उशिरा वाढलेल्या शहराची वणवण.

घाटापलीकडून आलेलं पाणी

उल्हास नदी या गुंत्याचा सर्वांत बोलका नमुना. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर, अंबरनाथ अशा अनेक शहरांची तहान ती भागवते. पावसाळी नदी असूनही उन्हाळ्यात ती वाहती असते, त्यामागे टाटांचं भिवपुरी वीजकेंद्र आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटावरून खाली सोडून १९२२ पासून तिथे वीज तयार होते आणि वापरून झालेलं पाणी उल्हासच्या पात्रात येतं. खोपोलीच्या वीजकेंद्राचं पाणी असंच पाताळगंगेत उतरतं आणि रायगडमधल्या उद्योगांना व गावांना मिळतं.

हे पाणी मुळात कोकणातलं नव्हेच. ते भीमेच्या, म्हणजे कृष्णा खोऱ्यातलं आहे. नैसर्गिक उताराने ते पूर्वेला, सोलापूरकडे गेलं असतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांना दरवर्षी सरासरी ४२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा दिली. वीजनिर्मितीसाठी शतकभरापूर्वी केलेल्या या व्यवस्थेवर नंतर शहरं उभी राहिली. आता भीमा खोऱ्यातून मागणी होते, की वीज दुसरीकडून मिळू शकते, आमचं पाणी आम्हाला परत द्या. मागणी दुष्काळी भागाची आहे, म्हणून ती उडवून लावता येत नाही. पण ती मान्य झाली तर उन्हाळ्यातली उल्हास कशी दिसेल, याचं उत्तर बदलापूर किंवा कल्याणच्या नगररचना आराखड्यात मिळत नाही. नदीकाठच्या शहराला आपल्या पाण्याचा उगम दुसऱ्या खोऱ्यात आहे हे ठाऊक नसेल, तर त्याच्या नियोजनाला पायाच नाही.

धरण उशाशी, हंडा डोक्यावर

शहापूर तालुक्यात जा. भातसा आणि तानसाचे विस्तीर्ण जलाशय तिथे दिसतात आणि पुरुषभर व्यासाच्या जलवाहिन्या शेतांमधून मुंबईकडे जातात. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. कारण साधं आहे. धरण खाली दरीत, पाडे वर टेकडीवर. पाणी उताराने शहराकडे आपोआप जातं. पाड्यावर चढवायला पंप लागतो, वीज लागते आणि बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा लागतो. धरण बांधताना हा खर्च कोणी प्रकल्पात धरलाच नाही. अखेर या गावपाड्यांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या, उंचावरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखावी लागली. मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यासाठी तिसऱ्याच धरणाचं पाणी!

सूर्या प्रकल्पाचीही गत वेगळी नाही. धरण झालं पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. कालवे धड पूर्ण होण्याआधीच त्यातला मोठा वाटा शहरांकडे वळला. बारवीची उंची वाढवायला विस्थापितांच्या प्रश्नामुळे कित्येक वर्षं लागली. मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं आणि उच्च न्यायालयाने ते थांबवलं. या प्रत्येक प्रकरणात शहरातला माणूस म्हणतो, विरोधामुळे पाणी अडलं. खरं तर पाणी अडतं ते पहिल्या दिवशी न केलेल्या हिशेबामुळे. ज्याच्या जमिनीत धरण होणार त्याचा वाटा आधी लिहिला असता, तर कोर्टात गेलेली वर्षं वाचली असती.

पुढचं पाणी कुठून?

यादी मोठी आहे. गारगाई रोज ४४० दशलक्ष लिटर, पिंजाळ ८६५, आणि गुजरातच्या सीमेवरच्या दमणगंगेचं पाणी पिंजाळमध्ये आणणारा जोडप्रकल्प १,५८६. तिन्ही मिळून आजच्या पुरवठ्याच्या पाऊणपट. गारगाईचा मोठा भाग तानसा अभयारण्यात येतो आणि लाखो झाडं तोडावी लागतात, म्हणून २०२० च्या सुमारास तो बाजूला ठेवला गेला. मग पुन्हा बाहेर काढला. मधल्या काळात मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प ठरला.

गोड्या पाण्याचा हा कारखाना पावसावर अवलंबून नसतो, हा त्याचा मोठा गुण. पण एक हजार लिटर पाण्याला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. २०० दशलक्ष लिटरला रोज सहा ते आठ लाख युनिट. वैतरणा-तानसाचं पाणी गुरुत्वाकर्षणाने, बहुतांशी फुकट, भांडुपपर्यंत येतं. म्हणून दुष्काळात आधाराला समुद्राचं पाणी ठीक, रोजच्या तहानेला महाग. योजनेत अशा स्रोताची जागा कोणती, हे आधी ठरवावं लागतं.

धरण आणि समुद्र यांच्या वादात दोन स्रोत मागे पडतात. पहिला, हिशेबाबाहेर गेलेलं पाणी. मुंबईत पुरवल्या जाणाऱ्या पाण्यापैकी पाव ते एक-तृतीयांश हिस्सा बिलात दिसत नाही, असे अंदाज वर्षानुवर्षं मांडले जातात. हे सगळंच गळत नाही. काही चोरीचं, काही मोजमापच न झालेलं. पण किमान अंदाज धरला तरी रोजचं हजारभर दशलक्ष लिटर पाणी होतं. त्यातलं निम्मं सावरलं, तर एक गारगाई झाड न तोडता मिळते. अडचण अशी, की धरणाचं उद्घाटन करता येतं. शंभर वर्षांच्या जुन्या वाहिन्यांची गळती शोधणाऱ्या पथकाचं उद्घाटन कोण करणार? ठरावीक तास पाणी सोडायच्या पद्धतीमुळेही नुकसान होतं. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की रिकाम्या वाहिनीत भोवतालची घाण शिरते. जास्त दाबाने पाणी सोडलं की जुना सांधा उखडतो.

दुसरा स्रोत सांडपाणी. मुंबई आजवर आपलं बरंचसं सांडपाणी जुजबी प्रक्रिया करून समुद्रात सोडत आली. आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी केंद्रं उभी राहत आहेत. एवढं पाणी पिण्याजोगं होईलच असं नाही आणि तसं करायची घाईही नको. पण कारखाने, बांधकामं, उद्यानं आणि वातानुकूलन यंत्रांना ते पुरेसं आहे. नवी मुंबईने कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया करून ते औद्योगिक पट्ट्याला द्यायला सुरुवात केली आहे. कारखान्याने हे पाणी घेतलं, की तेवढंच बारवीचं गोडं पाणी अंबरनाथ किंवा डोंबिवलीच्या घरांसाठी मोकळं होतं. ही अदलाबदल एका महापालिकेच्या हद्दीत होत नाही. सांडपाणी एका शहराचं, कारखाना दुसऱ्या हद्दीत, धरण तिसऱ्याचं. म्हणून प्रादेशिक योजना लागते.

स्थानिक साठेही हिशेबात हवेत. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संचयन सक्तीचं आहे, पण टाकी कागदावर आहे की जमिनीत, हे तपासणारं कोणी नाही. वसईत एकेकाळी वाडीवाडीत बावखलं होती. पावसाचं पाणी त्यांत साठे, आजूबाजूच्या विहिरी गोड राहत. बांधकामांखाली त्यातली बरीच बुजली आणि खारं पाणी आत सरकलं. धरणाच्या पाण्याची वाट पाहताना आपण हातचं पाणी घालवलं.

नियम आधी, पाणी मग

महाराष्ट्राला हे सगळं नवीन नाही. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. खोरेनिहाय एकात्मिक जल आराखडा आणि समन्यायी वाटप ही दोन तत्त्वं त्यात आली. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या वादात प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि नाशिक-नगरच्या धरणांनी टंचाईच्या वर्षी किती पाणी खाली सोडायचं, याचे निकष ठरले. त्यावर आजही भांडण होतं. पण ते आता आकड्यांच्या तक्त्यावर होतं. पूर्वी ते फक्त रस्त्यावर होत असे. मुंबई प्रदेशासाठी असा तक्ता नाही. २०२५ मध्ये कर्जतजवळच्या पोशीर आणि शिलार धरणांना मंजुरी मिळाली. पाणी कोणाला किती, उन्हाळ्यात उल्हासच्या पात्रात किती ठेवायचं, हे आत्ताच ठरलं नाही, तर वीस वर्षांनी तिथेही काळू आणि सूर्याचीच पुनरावृत्ती होईल.

प्रादेशिक जलयोजनेत किमान चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. एक, सगळ्या धरणांचा, नद्यांचा, सांडपाण्याचा आणि गळतीचा एकच खुला हिशेब, दरवर्षी प्रसिद्ध होणारा. दोन, दुष्काळात कोणाची किती कपात, हे पाऊस चांगला असतानाच ठरवलेलं. टंचाई सुरू झाली की शहाणपण संपतं. तीन, उगमाच्या गावांचा पहिला हक्क आणि त्यांच्या पाणीयोजनेचा खर्च मुख्य प्रकल्पातच धरलेला. चार, बांधकाम परवानगी आणि पाणी यांची सांगड. आज घरं आधी विकली जातात आणि पाणी नंतर शोधलं जातं. २०१७ मध्ये घोडबंदरच्या बांधकामांचा प्रश्न पाण्यावरून उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच उलट्या क्रमामुळे.

या चार गोष्टींसाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती नऊ महापालिकांना आणि पाच-सहा सरकारी यंत्रणांना एका टेबलावर बसवणारी, कायद्याचा आधार असलेली संस्था. ती उभी राहायला राजकीय लाभ फारसा नाही, कारण तिचं फळ दिसेल तेव्हा आजचे महापौर आणि मंत्री पदावर नसतील. म्हणून हा आग्रह मतदारांनीच धरायला हवा. पुढच्या वेळी उमेदवार दारात येऊन ‘चोवीस तास पाणी’ म्हणाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा: कुठल्या नदीचं, कोणत्या गावाच्या संमतीने, आणि कोणत्या वर्षी? उत्तर नसेल, तर ते आश्वासन टँकरच्या पाण्याइतकंच टिकाऊ समजा.